सोलापूरच्या घरांतील उंदरांचा बंदोबस्त

सोलापुरात उंदरांचा उपद्रव साधारणपणे दोन हंगामांत वाढलेला जाणवतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये रब्बी ज्वारीची काढणी होऊन शिवारे मोकळी झाली की शेतांना लागून असलेल्या हद्दवाढ भागातील वसाहतींकडे उंदीर वळतात, आणि नेमक्या त्याच सुमारास घरोघरी वर्षाची ज्वारी, तूर आणि शेंगा भरल्या जात असल्यामुळे त्यांची आयतीच सोय होते. दुसरा हंगाम पावसाळ्याचा. बिळांत पाणी शिरले की नाल्याकाठचे उंदीर आणि घुशी कोरड्या जागेच्या शोधात घरांकडे सरकतात. अशा वेळी बहुतेक घरांत किराणा दुकानातून विषाची वडी आणून ती फ्रिजच्या मागे सरकवली जाते, चार दिवस खुडबुड थांबते आणि महिन्याभरात पुन्हा सुरू होते. ज्या वाटेने पहिला उंदीर आला ती वाट उघडीच असते आणि ज्या पोत्यासाठी तो आला ते पोतेही जागचे हललेले नसते, त्यामुळे दुसरे काही होण्याची अपेक्षाच करता येत नाही.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी प्राणी कोणता आणि त्याची वाट कोणती हे पाहावे, मग त्याचे अन्न तोडावे, त्यानंतर एकाच रात्री अनेक सापळे लावून त्याच आठवड्यात बाहेरच्या फटी बुजवाव्यात. विषाचा विचार अगदी शेवटी करावा, आणि तोही शक्यतो घराबाहेरच्या बिळांपुरताच.

आधी पाहणी

रात्री आवाज करणारा प्रत्येक प्राणी उंदीर असतो असे नाही. लांबट तोंडाची, उग्र वासाची आणि भिंतीच्या कडेने चिरकत पळणारी चिचुंद्री मुख्यतः किडे व झुरळे खाते. तिच्यासाठी दाणे लावून सापळा मांडण्यात अर्थ नाही, मोरीच्या तोंडाला घट्ट जाळी बसवली की बहुधा तिचे येणे थांबते. घराच्या पायाशी किंवा अंगणात ताज्या मातीचा ढीग दिसत असेल तर ते काम घुशीचे समजावे. पत्र्याखाली, माळवदाच्या तुळयांवर आणि केबलच्या तारांवरून फिरणारा, लांब शेपटीचा मोठा उंदीर वेगळा आणि ओट्याखाली, कपाटाच्या मागे राहणारा १५ ते २५ ग्रॅम वजनाचा लहान घरउंदीर वेगळा. या दोघांचे स्वभाव इतके भिन्न आहेत की एकासाठी मांडलेला सापळा दुसऱ्यासाठी निकामी ठरू शकतो.

ओळख पटवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लेंड्या पाहणे. घरउंदराची लेंडी जिऱ्याएवढी, म्हणजे ३ ते ६ मिलिमीटर लांब आणि टोकदार असते. मोठ्या उंदराची साधारण १२ मिलिमीटरची असते. पालीच्या विष्ठेच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो, त्यामुळे ती उंदराची समजून घाबरण्याचे कारण नाही. ताजी लेंडी काळसर, मऊ आणि किंचित चकचकीत असते, तर जुनी करडी पडलेली असते आणि काडीने दाबताच तिचा भुगा होतो. एक घरउंदीर दिवसाला ५० किंवा त्याहून अधिक लेंड्या टाकतो, त्यामुळे केवळ त्यांच्या संख्येवरून घरात दहा उंदीर आहेत असा अंदाज बांधू नये.

वाट शोधण्यासाठी घरातील पांढरी रांगोळी उपयोगी पडते. रात्री झोपण्यापूर्वी ओट्याखाली, गॅसच्या टाकीमागे, कोठीच्या बाजूला आणि मोरीच्या तोंडाशी भिंतीलगत वीतभर रुंदीच्या पट्ट्यात ती चाळणीने अगदी पातळ भुरभुरावी. ठसे दिसण्यासाठी जाड थर नको. सकाळी बॅटरीचा प्रकाश आडवा टाकून पाहिले असता पुढच्या पायाच्या चार आणि मागच्या पायाच्या पाच बोटांचे बारीक ठसे, आणि मधून कधी कधी शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. ठसे कोणत्या दिशेने गेले आहेत हे पाहत गेले की त्यांची ये-जा कोठून होते हे बहुतेक वेळा एक-दोन रात्रींत कळते. रांगोळीऐवजी ज्वारीचे पीठ वापरण्याचा मोह टाळावा, कारण ते उंदीर खाऊन टाकतात. उंदराची नजर अधू असते. मिशांनी आणि अंगाने भिंतीचा अंदाज घेत तो रोज त्याच कडेने पळतो, म्हणून जुन्या वाटेवर भिंतीला काळपट, तेलकट पट्टाही उमटलेला आढळतो.

ही पाहणी पुढच्या रविवारवर ढकलू नये. घरउंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, एका वेळी पाच ते आठ पिल्ले देते, विल्यानंतर एक-दोन दिवसांतच पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिची पिल्ले साधारण दीड-दोन महिन्यांत स्वतः वीण करू लागतात.

अन्न आणि आसरा तोडणे

घरउंदराला दिवसाला तीन-चार ग्रॅम अन्न पुरते, म्हणजे कोठीच्या खालच्या झाकणाशी सांडलेल्या ज्वारीवर त्याचा संसार चालू शकतो. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे हौद, पिंप आणि घागरी भरून ठेवाव्याच लागतात, आणि या साठवणीमुळेच उंदीर येतात असे अनेकांना वाटते. मोठ्या उंदराच्या आणि घुशीच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण त्यांना नियमित पाणी लागते. घरउंदीर मात्र अन्नातील ओलाव्यावरही बराच काळ तग धरतो. तरीही उंदराच्या मूत्राने पाणी दूषित होण्याचा धोका असल्यामुळे पिंपांवर घट्ट झाकण हवेच.

ज्वारीची पोती थेट जमिनीवर आणि भिंतीला टेकवून रचण्याची पद्धत बंद करावी. लाकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडून पोती ठेवली तर मागच्या बाजूला झाडू फिरतो, बॅटरी मारून पाहता येते आणि उंदराला आडोसा मिळत नाही. शक्य असेल तर पोत्यांपेक्षा पत्र्याची कोठी कधीही चांगली. मात्र धान्य काढण्याच्या झाकणाची कडा वाकलेली असेल तर ती ठोकून सरळ करून घ्यावी, कारण पत्रा कुरतडता आला नाही तरी पाव इंचाची फट त्याला पुरते. शेंगा गोणपाटात ठेवणे म्हणजे निमंत्रण देणेच होय. शेंगदाण्याच्या तेलकट वासाइतके उंदराला दुसरे काही आवडत नसावे, आणि सोलापूरच्या स्वयंपाकघरात शेंगाचटणी, कूट आणि दाणे यांचा वावर रोजचा. तेव्हा चटणी कांडून झाल्यावर खलबत्ता तसाच ठेवू नये आणि त्याच्याखालची जागा ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. दुरडीत किंवा कापडात बांधून ठेवलेल्या कडक भाकऱ्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात हलवाव्यात.

देवघराकडे सहसा लक्ष जात नाही. नैवेद्याचा गूळ-खोबऱ्याचा तुकडा, अक्षता आणि तेलात भिजलेल्या वाती हे सर्व उंदराच्या आवडीचे असते. तेलवात तो ओढून नेऊ शकतो, आणि ती पेटती असेल तर आगीचा धोका उघड आहे. रात्रभर दिवा तेवत ठेवायचा असल्यास तो काचेच्या आवरणात ठेवावा. ओला कचरा घंटागाडी येईपर्यंत पिशवीत न ठेवता झाकणाच्या बादलीत ठेवावा, आणि कुत्र्या-मांजराच्या खाण्याची थाळी रात्री उचलावी.

आसऱ्याचा प्रश्न पूर्व भागातील यंत्रमागाच्या घरांत विशेष बिकट असतो. सुताचे कोन, तुटक्या धाग्यांचे पुंजके, चिंध्या आणि टॉवेलचे गठ्ठे याहून मऊ घरटे उंदराला कोठे मिळणार? येथे एकच नियम पाळता येण्याजोगा आहे: तयार मालाचे गठ्ठे लाकडी घोडीवर (उंच चौकटीवर) किंवा फळीवर ठेवावेत, आणि टाकाऊ सुताचे पोते घरात साठू न देता नियमितपणे बाहेर काढावे. उन्हाळा संपल्यावर गच्चीच्या जिन्यात किंवा माळ्यावर टाकलेला कूलर ही अशीच एक दुर्लक्षित जागा. त्यातील गवताचे पॅड काढून टाकावेत आणि रिकामी पेटी उलटी करून, पाण्याच्या पंपाची वायर आत गुंडाळून ठेवावी. अन्यथा पुढच्या मार्चमध्ये कूलर उघडताना पॅडच्या आत पिल्लांसह घरटे आणि कुरतडलेली वायर मिळण्याची शक्यता असते.

सापळे

सापळ्यांबाबत सर्वांत मोठी चूक होते ती संख्येत. एकच पिंजरा आणला जातो, त्यात एक उंदीर सापडतो आणि काम झाले असे समजून पिंजरा माळ्यावर जातो. घरउंदीर आपल्या घरट्यापासून साधारण ३ ते १० मीटरच्या परिघातच फिरतो, त्यामुळे स्वयंपाकघरातला सापळा मागच्या खोलीतल्या उंदराला दिसतही नाही. दोन खोल्यांच्या घरात सहा-आठ सापळे, जेथे ठसे दिसले तेथे दोन-दोन मीटरवर, एकाच रात्री मांडावेत. पहिल्या काही रात्रींतच बहुतेक उंदीर सापडतात. त्यानंतर उरतात ते सावध झालेले.

चापाचा सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवावा. खोलीच्या मध्यभागी मांडलेल्या सापळ्याकडे उंदीर क्वचितच फिरकतो. आमिष थोडके हवे. भाजलेल्या शेंगदाण्याचे जाडसर कूट गुळात मळून केलेली हरभऱ्याएवढी गोळी चापाच्या खिट्टीवर दाबून बसवली की उंदराला ती उचलून पळता येत नाही, कुरतडत थांबावे लागते आणि तेवढ्यात चाप सुटतो. भज्याचा तुकडा वापरायचा असेल तर तो दोऱ्याने बांधावा. यंत्रमागाच्या किंवा शिवणकामाच्या घरात, जेथे खाण्यापेक्षा घरट्याची ओढ अधिक असते, तेथे खिट्टीला नुसत्या सुताचा पुंजका घट्ट गुंडाळूनही सापळा लागू पडतो, कारण विण्याच्या बेतात असलेली मादी मऊ धाग्यासाठी दाणाही सोडते.

मोठ्या उंदरासाठी मात्र धीर धरावा लागतो. घरउंदीर नव्या वस्तूकडे कुतूहलाने जातो. मोठा उंदीर नव्या वस्तूला कित्येक दिवस तोंड लावत नाही. त्याच्यासाठी चाप न ओढता, नुसते आमिष लावून सापळा त्याच्या वाटेवर चार-सहा दिवस तसाच ठेवावा, आणि आमिष रोज खाल्ले जाऊ लागले की मगच चाप ओढावा.

जिवंत पकडणाऱ्या तारेच्या पिंजऱ्याला अनेक घरांत पसंती असते, आणि गणपतीचे वाहन मारायला हात धजावत नाही ही भावना समजण्यासारखी आहे. पिंजरा वापरल्यास तो रोज सकाळी तपासावा; सोलापूरच्या उन्हात पत्र्याखाली विसरलेल्या पिंजऱ्यातला उंदीर तडफडून मरतो आणि मग दयेचा मुद्दाच उरत नाही. सोडायचा तर वस्तीपासून दूर, मोकळ्या माळावर सोडावा. समोरच्या रिकाम्या प्लॉटमध्ये सोडलेला उंदीर परत येतो किंवा शेजाऱ्याकडे जातो, आणि शेजारधर्म म्हणून हे बरे नव्हे. गोंदाचे चिकट फलक मात्र वापरू नयेत. त्यावर अडकलेला प्राणी तासन्‌तास जिवंत राहतो, भीतीने लेंड्या व मूत्र सोडतो, आणि कित्येकदा पाली व चिमण्याही त्यात सापडतात. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही त्यांच्या वापराविरुद्ध सूचना दिलेल्या आहेत. उंदीर पळवणाऱ्या ध्वनियंत्रांवर पैसे घालवू नयेत, कारण त्या आवाजाला उंदीर लवकरच सरावतात. डांबराच्या गोळ्या धान्याजवळ ठेवणे तर माणसांसाठीच घातक आहे.

फटी बुजवणे

शिसपेन्सिल ज्या फटीत शिरते तेथून घरउंदीर आत येऊ शकतो, कारण त्याला साधारण ६ मिलिमीटरची जागा पुरते. तेव्हा हातात पेन्सिल घेऊनच घराला फेरी मारावी. भर दुपारी सर्व दारे-खिडक्या बंद करून, दिवे मालवून आत उभे राहिले तर दाराखालून आणि भिंतीतून जेथून उजेड येतो त्या सर्व जागा दिसतात; त्यांच्यावर खडूने खूण करावी.

पत्र्याच्या घरांत सर्वांत मोठी वाट असते ती भिंतीच्या माथ्यावर. पन्हाळी पत्र्याची प्रत्येक नळी भिंतीवर टेकते तेथे एक भोक तयार होते, आणि दहा फुटांच्या भिंतीवर अशी कितीतरी भोके असतात. त्यांत कागद किंवा चिंध्या कोंबण्याची पद्धत सर्रास दिसते, पण उंदीर त्या ओढून काढतो आणि घरट्यालाही वापरतो. प्रत्येक नळीत भांडी घासण्याच्या स्टीलच्या घासणीचा तुकडा दाबून त्यावरून सिमेंट-वाळूचा गिलावा करावा. सिमेंट ओले असताना उंदीर ते उकरतो, पण तारेचे धागे त्याच्या दातांना सोसत नाहीत. जुन्या पेठांतील दगडमातीच्या वाड्यांत काम अधिक किचकट असते, कारण मातीच्या सांध्यांतून आणि तुळयांच्या टोकांशी असलेल्या पोकळीतून उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात जातात. तेथे सांधे खरवडून चुन्याने किंवा सिमेंटने भरावेत, आणि घुशीच्या बिळात फुटक्या काचांचे तुकडे घालून वरून काँक्रीट ओतण्याचा गवंड्यांचा जुना उपाय आजही उत्तम आहे. सामाईक भिंतींच्या चाळीत हे काम एकट्याने करून फारसे भागत नाही. ओळीतील सर्व घरांनी एकाच आठवड्यात सापळे आणि गिलावा केला तरच फरक पडतो.

दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकावी. मोरीला आणि सांडपाण्याच्या पाइपच्या बाहेरच्या तोंडाला ६ मिलिमीटरपेक्षा लहान छिद्रांची लोखंडी जाळी बसवावी. प्लॅस्टिकची जाळी कुरतडली जाते. नळाचे, गॅसचे आणि एसीचे पाइप भिंतीतून जातात तेथील भोके बुजवावीत. खिडकीत कूलर बसवताना उरलेल्या जागेत पुठ्ठा लावण्याऐवजी पत्रा किंवा प्लायवुड घट्ट बसवावे. घरावर टेकलेल्या झाडाच्या फांद्या छाटाव्यात. गावाकडच्या वस्त्यांत फटी आणि बिळे बुजवण्याचे आणखी एक कारण आहे: उंदरांमागे साप येतात, आणि नाग किंवा घोणस घराच्या पायरीशी येण्यामागे बहुतेकदा उंदरांची बिळेच असतात.

विषाबाबत

बाजारात मिळणाऱ्या विषांचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. ब्रोमाडायोलोनच्या वड्यांमुळे उंदराचे रक्त गोठणे थांबते आणि तो काही दिवसांनी मरतो. यावर उतारा म्हणून डॉक्टर के-१ जीवनसत्त्व देतात. झिंक फॉस्फाइडची काळी भुकटी पोटात गेल्यावर फॉस्फीन हा विषारी वायू तयार होतो आणि तिच्यावर उतारा नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट यकृत निकामी करते, तिच्यावरही उतारा नाही, आणि टूथपेस्टसारख्या ट्यूबमध्ये मिळत असल्यामुळे ती लहान मुलांच्या हाती लागण्याचा धोका फार मोठा आहे. शेवटचे दोन प्रकार घरात आणूच नयेत. विष खाल्लेला उंदीर उजेडात येऊन मरतो हा समजही खरा नाही. तो माळवदात किंवा कपाटामागे मेला तर एप्रिलच्या उष्म्यात कित्येक दिवस खोलीत बसवत नाही.

धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल विशेष कडक राहावे. ओलाव्याने त्यांतूनही फॉस्फीन वायूच बाहेर पडतो, आणि राहत्या घरात, झोपण्याच्या खोलीशेजारी त्या ठेवल्यामुळे माणसे दगावली आहेत. गोदामातील प्रशिक्षित माणसाचे हे काम आहे. बिळात घालण्यासाठीही या गोळ्या घरच्या माणसाने हाताळू नयेत.

कोणी विष खाल्ल्याची नुसती शंका आली तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठावे आणि विषाचे वेष्टन बरोबर न्यावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे, दूध किंवा तूप देणे हे घरगुती उपाय करू नयेत. त्यात वेळ जातो आणि काही विषांत अपाय वाढतो.

साफसफाई आणि आजार

लेंड्या कोरड्या झाडूने कधीही झाडू नयेत, कारण धूळ श्वासातून आत जाते. हातमोजे घालून, नाक-तोंड झाकून, एक भाग द्रव ब्लीच आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण त्यांच्यावर शिंपडावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि कागदाने पुसून तो कागद पिशवीत बंद करून टाकावा. मेलेला उंदीरही असाच भिजवून, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात द्यावा. गटारात फेकू नये. उंदराने तोंड लावलेले पीठ, डाळ किंवा भाकरी टाकून द्यावी. उंदीर चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

कोणतेही विष न घालता परिसरात एकामागून एक उंदीर मरून पडत असतील तर त्यांना हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. प्लेगच्या काळापासून ‘उंदीर पडणे’ हे धोक्याचे लक्षण मानले जाते, आणि ही गोष्ट आपल्या भागापासून फार दूरची नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लोकांनी घरे सोडली, धान्य आतच राहिले, उंदरांची संख्या वाढली आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले. या दोन घटनांचा संबंध अभ्यासकांनी जोडलेला आहे.

रोजच्या जीवनात अधिक संभवनीय आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदराच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या जखमेतून शरीरात गेले की तो होतो, म्हणून पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये. ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना घरात उंदीर आहेत हे आवर्जून सांगावे, कारण नेमके औषध लवकर सुरू झाले तर हा आजार बरा होतो आणि उशीर झाला तर मूत्रपिंड व यकृत यांवर बेतते.